१४ फुटी रेस बोर्ड आणि गावचा मामा तलाव

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ब्रह्मपुरीकडचं गाव, घरापासून दीड किलोमीटरवर मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळचा) तलाव. वय ३४, उंची ५ फूट ८ इंच, वजन ८२ किलो. पोहता येतं, पण पॅडलबोर्डवर (उभं राहून वल्हवायच्या फळीवर) आजवर एकदाच उभे राहिलात, तेही गोव्यात अर्धा तास. हातात ४५ हजार. पुढच्या वर्षी एखाद्या शर्यतीत उतरायची हौस. आता विचारता की सरळ १४ फुटी रेस बोर्ड घेऊन टाकू, की १० फूट ६ इंचाचा स्वस्त सेट घेऊन शिकू आणि मग बदलू.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. का ते सांगायला जरा वेळ लागेल, कारण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलीच नाही. घरून निघून पाण्यात उतरेपर्यंत तुम्हाला काय काय करावं लागेल, आणि ते तुम्ही एकट्याने आठवड्यात किती वेळा कराल? माझ्या अनुभवात बोर्ड याच्यावरच ठरतो. बाकीची मापं त्यानंतर.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो आहे. मालवण-गोव्याकडे आठ वर्षं वॉटरस्पोर्ट्सवर काम केलं आणि अर्जुनी मोरगावकडे घरी परत आलो. येताना तिकडून एक जुना १४ फुटी, २६ इंच रुंद हार्ड बोर्ड (न फुगवायचा, टणक) टेम्पोत घालून आणला. काय ऐट होती! घरापासून तलाव पाऊण किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून. वजन १३-१४ किलोच, उचलायला काही नाही. पण १४ फुटांची वस्तू काखेत धरून बाभळींच्या मधून एकट्याने नेणं म्हणजे दर वळणावर थांबणं, आणि जरा वारा आला की बोर्ड तुम्हाला फिरवतो. रोज सकाळी सहाला दुसरा माणूस कोण येणार? पहिल्या वर्षात तो अकरा वेळा पाण्यात गेला. मोजून अकरा. बाकी वर्षभर गोठ्यात आडवा पडून होता आणि त्याच्यावर कोंबड्या बसायच्या. मग एक फुगवायचा बोर्ड घेतला. तो घडी करून पाठीवरच्या बॅगेत जातो आणि मोटरसायकलवर मागे बांधता येतो. तो घेतला त्या वर्षी त्याच्यावर शंभराच्या वर सकाळी झाल्या. माझा वेग वाढला तो त्या शंभर सकाळींत.

त्या दिवसांत आमच्या तलावावरचे एक म्हातारे ढिवरबाबा माझा १४ फुटी बोर्ड बघून म्हणाले होते, "पानी पाह्यलं काय जी आधी, का फळीच पाह्यली?" ते स्वतः जेमतेम हातभर रुंदीच्या डोंग्यात उभे राहून जाळं फेकतात, तेव्हा त्यांच्याशी वाद घालायची माझी टाप नव्हती.

तर आधी पाणी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हे माजी मालगुजारी तलाव समुद्रासारखे नाहीत आणि परदेशी व्हिडिओतल्या तळ्यांसारखेही नाहीत. सप्टेंबरात तुडुंब. ऑक्टोबरात धानाला पाणी सोडलं की उतरायला लागतात. मार्च-एप्रिलमध्ये काठाकडे गुडघाभर पाणी आणि खाली पोटरीभर गाळ. काठाने बेशरमाची झुडपं, आत शेवाळ आणि पाणवनस्पती, कुठे कमळ, कुठे शिंगाड्याची शेती. मधे जाळी, आणि जाळ्याच्या दोरीला खूण म्हणून बांधलेले थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकाम्या बाटल्या. म्हणून बोर्डाच्या आधी मी फिन, म्हणजे बोर्डाखाली शेपटीकडे बसवलेलं पातं, बघायला सांगतो. बोर्डासोबत येणारा सरळ, ८-९ इंच खोल फिन आपल्या तलावात दहा मिनिटांत शेवाळाचा झुपका गोळा करतो. तुम्हाला वाटतं आज ताकद कमी पडतेय. खरं तर मागे पेंढीभर गवत ओढत चाललेले असता. मागच्या बाजूला लांब झुकलेला वीड फिन घ्या, गवत त्याच्यावरून घसरून जातं. उन्हाळ्यासाठी ४-५ इंचाचा लवचिक रबरी फिनही जवळ ठेवा. मात्र बोर्ड घेताना फिनची पेटी, म्हणजे फिन बसवायची खाच, कुठली आहे ते विचारा. यूएस बॉक्स असेल तर कुठल्याही कंपनीचा फिन बसतो. काही स्वस्त बोर्डांना त्यांचाच खटक्याचा फिन लागतो, आणि तो मोडला की बोर्ड बसून राहतो.

जाळ्यांचं आणखी एक. तलाव बहुधा गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे मासेमारीसाठी दिलेला असतो. पहिल्या दिवशी बोर्ड घेऊन न जाता नुसते जा, संस्थेच्या लोकांना भेटा, जाळी कुठे आणि किती वाजता लावतात ते विचारा. ग्रामपंचायतीच्या कानावर घाला. जंगलखात्याच्या हद्दीतलं पाणी असेल तर परवानगीशिवाय जाऊच नका. आणि हिवाळ्यात पट्टकादंब पक्षी उतरले असतील तर लांबून वळा. थव्याच्या मधून बोर्ड घालून फोटो काढणारे मी पाहिले आहेत, मला ते आवडत नाही.

आता मापं. नवखा माणूस लांबी बघतो, मी आधी रुंदी बघतो. बोर्डाची आडवी स्थिरता रुंदीच्या सरळ पटीत वाढत नाही, साधारण तिच्या घनाच्या पटीत वाढते. ३२ इंचांवरून २८ वर आलात तर रुंदी फक्त आठवा हिस्सा कमी होते, पण स्थिरता जवळजवळ एक तृतीयांश जाते. दुकानातल्या फोटोत चार इंच दिसत नाहीत, पायाला मात्र लगेच कळतात. त्यात फुगवायचे बोर्ड ६ इंच जाड, पाण्यावर उंच तरंगतात. त्यामुळे त्याच रुंदीच्या हार्ड बोर्डापेक्षा त्यावर उभं राहणं थोडं जास्त डुगडुगतं. तुमचं ८२ किलो आणि अनुभव अर्धा तास, म्हणजे ३० इंचाच्या खाली जाऊ नका. २६ इंचावर तुम्ही उभे राहालही, पण सगळं लक्ष न पडण्यात जाईल. अंग आखडलेलं असलं की पॅडल नीट पाण्यात जातच नाही, हाताने नुसतं ढवळणं होतं.

३२ का नाही, असं विचाराल. ३२ इंचाचा १० फूट ६ इंची ऑलराउंड बोर्ड वाईट नसतो. घरातल्या सगळ्यांनी रविवारी खेळायचं असेल तर तोच घ्या. तुमची हौस वेगळी आहे. आखूड, रुंद, बोथट नाकाचा बोर्ड सपाट पाण्यावर दर वल्हवण्याला डावीकडे-उजवीकडे मान हलवतो. चार वेळा डावीकडून मारलं की उजवीकडे वळतो, मग बाजू बदला. दोन महिन्यांत कंटाळा येतो आणि मग तो ओएलएक्सवर जातो.

लांबीचं गणित असं. पाण्यावरून जाणारी कुठलीही वस्तू स्वतःची लाट उठवते, आणि वस्तू जितकी लांब तितकी ती लाट तिला उशिरा अडवते. होड्यांसाठी वापरतात ते जुनं सूत्र लावलं तर १० फूट ६ इंचाला ही अडवणूक ताशी ८ किलोमीटरच्या आसपास येते, १२ फूट ६ इंचाला पावणेनऊच्या पुढे आणि १४ फुटाला सव्वानऊच्या थोडं पुढे. आता नवखा माणूस तासभर ५ ते ६ च्या वेगाने चालतो. म्हणजे १४ फुटाचा जो खरा फायदा आहे तिथपर्यंत तुम्ही पहिलं वर्षभर पोचणारच नाही. मग लांब बोर्ड कशाला? सरळ जाण्यासाठी. टोकदार नाकाचा १२ फूट ६ इंची टूरिंग बोर्ड एका बाजूला सहा-आठ वेळा मारलं तरी रेघेत राहतो आणि दोन वल्हवण्यांच्या मधे घसरत पुढे जातो. ती घसरण एकदा पायाखाली कळली की माणूस हा छंद सोडत नाही.

म्हणून माझं उत्तर: १२ फूट ६ इंच लांब, ३० इंच रुंद, ६ इंच जाड, फुगवायचा टूरिंग बोर्ड. ११ फूट ६ इंच चांगल्या भावात मिळाला तरी हरकत नाही. हे उत्तर बदलू शकतं. तुमच्याकडे बोलेरोसारखी गाडी आणि छतावर कॅरिअर असेल, किंवा तलावाच्या काठावरच कोणाच्या घरी बोर्ड ठेवता येत असेल, तर त्याच मापाचा हार्ड बोर्ड घ्या. तो पाण्यात जास्त छान चालतो, यात वाद नाही. वजन ६० किलो असतं तर २८ इंचही म्हटलं असतं. आणि रामटेकच्या खिंडसीसारख्या किंवा गोसीखुर्दसारख्या मोठ्या पाण्यावर जाणार असाल तर वेगळं बोलावं लागेल. तिथे दुपारचा वारा छोट्या लाटा उठवतो, आणि बुडीत क्षेत्रात पाण्याखाली झाडांची खोडंही असू शकतात.

फुगवायच्या बोर्डात एक मोठी फसगत असते, ती सांगतो. आत वरचा आणि खालचा थर हजारो दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेला असतो, त्यामुळे तो गादीसारखा फुगत नाही, फळीसारखा सपाट राहतो. पण बाहेरचा थर एकेरी असेल किंवा हवा कमी असेल तर माणूस उभा राहिल्यावर मधे झोळ पडतो. झोळ पडलेला १२ फूट ६ इंची बोर्ड केळाच्या सालीसारखा चालतो, लांबीचा सगळा पैसा पाण्यात. मी असं तपासतो: बोर्डावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची, बहुतेकांवर १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असतं. मग विटांच्या दोन थप्प्या अडीच मीटर अंतरावर, त्यावर बोर्ड. नाकापासून शेपटीपर्यंत बाजूने सुतळी ताणून धरायला दोन पोरं उभी करायची, आपण मधे उभं राहायचं आणि तिसऱ्याने सुतळीपासून बोर्ड किती खाली गेला ते टेपने मोजायचं. माझा पहिला स्वस्त बोर्ड साडेतीन इंच खाली गेला होता. आत्ताचा दुहेरी थराचा बोर्ड इंचभर जातो. त्या पहिल्या बोर्डाच्या विक्रेत्याने फोनवर सांगितलं की ८ पीएसआय पुरेसं आहे, जास्त भरू नका. तेव्हाच शंका यायला हवी होती.

सेकंड हँड मिळाला तर बिनधास्त बघा, कारण नवा चांगला दुहेरी थराचा बोर्ड तुमच्या ४५ हजारांत ताणूनच बसेल. फक्त पूर्ण फुगवून रात्रभर ठेवायला सांगा, आणि कडेच्या जोडाला व व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले तर घाबरू नका, बहुधा घट्ट केलं की जातात. जोडापाशी आले तर घरी परत या.

हवेवरून आठवलं, आपल्याकडचं ऊन. सकाळी २५ अंशांत १५ पीएसआय भरलेला बोर्ड काठावर उन्हात टाकून चहाला गेलात आणि आतली हवा ६५ अंशांपर्यंत तापली, तर दाब १९ च्या घरात जातो. मे महिन्यात काळ्या रंगाच्या पृष्ठभागाला ६५ अंश काही फार नाही. जोड उसवतात ते असेच. पाण्याबाहेर काढला की सावलीत ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा. उलट, ४० अंशांत भरून गार पाण्यात टाकला की दीडेक पीएसआय कमी होतो, म्हणून पाच मिनिटं पाण्यात ठेवून मग पुन्हा मोजायचं. हातपंप दुहेरी घ्या, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे हवा जाते. १० पीएसआयनंतर मात्र एकेरीवर टाका, नाहीतर पाठ धरते. शेवटचे पाच पीएसआय नुसता घाम काढतात, आणि लोक तिथेच सोडून देतात. गाडीच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा पंप मिळाला तर सोन्याहून पिवळं. मोटरसायकलच्या छोट्या बॅटरीला मात्र तो लावू नका, परत ढकलत यावं लागेल.

आता जिथे सगळे पैसे वाचवतात आणि मी खर्च करायला सांगतो ती गोष्ट: पॅडल. सेटमधलं ॲल्युमिनियमचं पॅडल किलोभराचं असतं. कार्बनचं किंवा कार्बन-फायबरग्लास मिश्र पॅडल ६०० ग्रॅमच्या आसपास मिळतं. तुम्ही मिनिटाला ४० वेळा मारता, म्हणजे तासाला २४०० वेळा ते उचलता. दर खेपेला ४०० ग्रॅम वाचले तर तासाला साडेनऊ क्विंटल कमी उचललेत. धानाचा काटा डोळ्यासमोर आणा म्हणजे खांद्याचं दुखणं कळेल. लांबी तुमच्या उंचीपेक्षा २० सेंटिमीटर जास्त, म्हणजे १९३ च्या आसपास. पण कमी-जास्त करता येणारंच घ्या, महिन्याभरात तुमचं मत बदलेल. आणि पात्याचा बाक पुढे, म्हणजे बोर्डाच्या नाकाकडे झुकलेला हवा. पहिल्या दिवशी दहातले आठ जण ते उलटं धरतात, कारण पळी धरायची आपली सवय. इथे पळीने आमटी वाढायची नाही.

इथवरचं थोडक्यात: बोर्ड १२ फूट ६ इंच बाय ३०, दुहेरी थर, यूएस बॉक्स, शक्यतो सेकंड हँड. वाचलेल्या पैशांत पॅडल, वीड फिन आणि लाइफ जॅकेट. जॅकेट बोर्डाला बांधून ठेवायचं नाही, अंगात घालायचं. तुम्ही पोहता हे खरं, पण गाळात आणि जाळ्यात पोहणं कोणालाच येत नाही. लीश, म्हणजे आपल्याला बोर्डाशी जोडणारी दोरी, तलावात गुंडाळीची पायाची चालेल. जिथे खोडं किंवा वाहतं पाणी आहे तिथे कमरेची, एका ओढीत सुटणारी. वैनगंगेवर पावसाळ्यात तर नकोच, कुठल्याही लीशने नको.

राहिली शर्यत. इथे मला तुमचा उत्साह कमी करायचा नाही, पण एक अडचण दाखवतो. आपल्या देशात पॅडलबोर्डच्या मोठ्या शर्यती जास्त करून किनाऱ्यावर होतात. २०२४ मध्ये मंगळुरूला एपीपी वर्ल्ड टूर या पॅडलबोर्ड शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय मालिकेचा टप्पा झाला, तोही समुद्रावर. म्हणजे तुम्ही शिकणार आरशासारख्या तलावात आणि उतरणार लाटांत. तलावात २६ इंचावर ऐटीत उभा राहणारा माणूस समुद्राच्या आडव्या लाटेत पहिल्या बॉयच्या (खुणेच्या तरंगत्या फुग्याच्या) वळणावर पडतो, मग पुन्हा चढतो, मग पुन्हा पडतो. मी पडलो आहे, चार वेळा, ६०० मीटरमध्ये. त्या दिवशी माझ्या मागून ३० इंची बोर्डवाली एक कॉलेजातली मुलगी शांतपणे पुढे निघून गेली. म्हणून शर्यतीसाठीसुद्धा पहिल्या वर्षी ३० इंचच बरा.

लांबीच्या वर्गाचे नियम प्रत्येक स्पर्धेचे वेगळे असतात, कारण हा खेळ दोन घरांत वाटला गेला आहे. सर्फिंगवाली आंतरराष्ट्रीय संघटना आणि कनूइंगवाली (छोट्या होड्या वल्हवण्याच्या खेळाची) संघटना, दोघीही त्यावर हक्क सांगत होत्या. २०२० मध्ये क्रीडा लवादाने ऑलिंपिक पातळीवरचा कारभार सर्फिंगवाल्यांकडे दिला आणि स्पर्धा भरवायची मुभा दोघींनाही ठेवली. तुमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की नाव देण्याआधी त्या स्पर्धेची नियमपत्रिका वाचायची. मोठ्यांच्या वर्गात १४ फूट ही मर्यादा सर्रास असते. म्हणजे तुमचा १२ फूट ६ इंची चालेल, पण शेजारी १४ वाले असतील. हौशी किंवा नवख्यांचा वर्ग आहे का ते विचारा. आयोजकांकडे नाहीतर तिथल्या सर्फ स्कूलकडे १४ फुटी बोर्ड भाड्याने मिळतो का तेही विचारा, आणि मिळत असेल तर शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी जाऊन त्याच्यावर सराव करा. १४ फुटी विकत घ्यायची वेळ नंतर येईल. माझी खूण अशी: तलावात ५ किलोमीटर, न पडता, ५० मिनिटांच्या आत, आणि शेपटीवर मागे पाऊल टाकून बोर्ड जागच्या जागी वळवता येतो, दहातून आठ वेळा. हे जमलं की मला सांगा, १४ बाय २७ च्या गोष्टी करू.

सराव कसा हे विचारलं नाहीत, तरी एकच सांगतो. निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघा, परतताना वारा पाठीशी हवा. उभा माणूस म्हणजे शीडच. दमलेल्या माणसाला समोरचा वारा पाळीपर्यंत येऊ देत नाही. तसं झालंच तर गुडघ्यावर बसा आणि पॅडल आखूड करून मारा, यात कमीपणा काही नाही. धानाला पाणी सोडलेलं असेल तेव्हा पाणी सोडायच्या दाराजवळ अजिबात फिरकू नका.

आता तुम्ही मला तीन गोष्टी कळवा. पाळीवर मोटरसायकल जाते का, मार्चमध्ये तलावाच्या मधोमध किती पाणी उरतं, आणि शिंगाडा लावतात का. शिंगाडा असेल तर त्याची जागा कुठे ते संस्थेच्या माणसाला विचारून एका कागदावर काढून पाठवा. त्यावरून फिनचं माप सांगतो, बोर्डाचे पैसे तोवर देऊ नका.